पक्का काळा

माझा धाकटा भाऊ रंगारी होता. कपडे रंगवणारा. हे आधीच सांगते, कारण जन्मभर लोक त्याला घराच्या भिंती दाखवायला बोलवत आले आणि तो जन्मभर त्यांच्यावर वैतागत आला. "भिंत काढून हंड्यात घालून द्या, रंगवतो," असं म्हणायचा आणि दार लावून घ्यायचा.

गल्लीत त्याला मोर म्हणायचे. त्याला नाचता येत नव्हतं आणि दिसायलाही तो बेताचाच होता, पण हात कोपरापर्यंत कधी निळे, कधी हिरवे, कधी दोन्ही. नखांच्या मुळाशी मात्र बारा महिने काळं. लग्नाच्या बोलणीत मुलीकडच्या एका म्हातारीने विचारलं होतं, "मुलाचे हात असे का?" आमची आई म्हणाली, "घरात बसून खाल्लं असतं तर गोरे राहिले असते." लग्न ठरलं.

घरामागच्या अंगणावर पत्रे टाकून त्याने कारखाना केला होता. कारखाना हा त्याचाच शब्द. दोन मोठ्या चुली, एक तांब्याचा हंडा, एक लोखंडी काहील, ढवळायचे दांडे आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या. नवं कापड त्याच्याकडे थोडं यायचं. जुनंच जास्त, उन्हाने आणि धुण्याने उडालेलं. वाढप्यांच्या पँटी, बँडवाल्यांचे डगले, आणि सगळ्यात जास्त वकिलांचे कोट. "निम्म्या वकिलांची अब्रू माझ्या दोरीवर वाळते," असं तो म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं. पाऊसपाण्याच्या दिवसांत अंगणात शिरलं की ओल्या काळ्या कोटांचा घोळका उभा असल्यासारखा वाटायचा. सगळे न बोलता ठिबकणारे. मी तर त्यांना म्हणायची, "सरका जरा, साहेब."

काळा हा त्याचा हातखंडा. पुडीतला तयार काळा बाजारात मिळायला लागून जमाना झाला होता, पण हा आपला जुन्याच पद्धतीला धरून. कोपऱ्यावरचा रसवाला डाळिंबाच्या साली पोत्यात भरून पाठवायचा. त्या गच्चीवर वाळवायच्या, निवडायच्या, कुजकी साल बाजूला काढायची, मग काहिलीत उकळायच्या, पाणी चहासारखं होईपर्यंत. त्यात कोट भिजवून काढला की तो मळकट पिवळा दिसायचा. मग हिराकशीच्या पाण्यात बुडवायचा. हिराकस म्हणजे लोखंडाचेच हिरवट खडे. पिवळट कापड हिरवट पाण्यात गेलं की बघता बघता काळं. मी हजारदा पाहिलं असेल, तरी दर वेळी मान पुढे व्हायची.

पण खरी परीक्षा वाळल्यावर. पांढऱ्या चिनी तसराळ्यात पाणी घेऊन तो कोटाची बाही बुडवायचा आणि रंग सुटतोय का बघायचा. "सालीचा काळा पक्का असला तर सुटत नाही," तो सांगायचा, "आणि सुटलाच तर निळसर सुटतो. तांबूस सुटला तर समजायचं, खाली दुसरंच काहीतरी आहे." एकदा एका वकिलाचा कोट त्याने असाच परत हंड्यात घातला. कॉलरपाशी किंचित तांबूस मारत होता. वकील दारात उभा, त्याला कोर्टात जायची घाई. म्हणाला, "अहो, तिथे कोण बघतंय?" भाऊ म्हणाला, "मी बघतोय ना." वकील त्या दिवशी शेजाऱ्याचा कोट घालून गेला.

असला माणूस. आता त्याच्या पोटाबद्दल.

त्याचं पोट जळायचं हे आम्हाला इतकं अंगवळणी पडलं होतं की तो ढेकर देतो तसंच ते. उपाशी पोटी जास्त जळायचं. मग खिशातून सोड्याची पूड काढायची, बोटाने चाटायची आणि पुन्हा दांडा हातात. भावजय म्हणायची, "त्या वाफा पोटात जातात, दुसरं काय." मलाही तेच वाटायचं. मग एका वर्षी तो वाळत चालला, कपड्यांचं म्हणत नाही, तोच. पँट कमरेला दोरीने बांधायला लागला. तेव्हा कुठे त्याची पोरगी त्याला धरून मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेली. घशातून दुर्बिणीची नळी घातली. आत जखम निघाली, आणि जखमेपाशी एक जंतू.

हा जंतू म्हणे स्क्रूसारखा पिळाचा असतो आणि पोटाच्या आतल्या चिकट थरात भोक पाडून बसतो. बसतो तो लहानपणीच, आणि माणूस म्हातारा झाला तरी उठत नाही. डॉक्टरांनी गोळ्यांचा कोर्स दिला. भावाने तो शिस्तीत संपवला, जंतू तिथेच. दुसरा कोर्स दिला, वेगळ्या गोळ्यांचा. त्याने भावाच्या तोंडाची चवच गेली. "पत्रा चावल्यासारखं वाटतं, अक्का," म्हणायचा. भातही पत्रा, दूधही पत्रा. तोही संपवला. पुन्हा तपासलं. जंतू मजेत.

"दाद देत नाहीये," डॉक्टर म्हणाले. "आयुष्यात अँटिबायोटिक बरीच घेतलीत का?"

"छे," भाऊ म्हणाला. "आपला सर्दी-खोकला असेल तेव्हा दुकानातून दोन गोळ्या. बरं वाटलं की बंद."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. नंतर पोरीने आम्हाला समजावून सांगितलं की तीच तर गोम आहे. थोडं थोडं औषध मिळालं की जंतू मरत नाही, शिकतो. भावजय म्हणाली, "जन्मभर यांना कोणी काही शिकवू शकलं नाही, आणि यांच्या पोटातला जंतू शिकला."

तिसरा कोर्स आणखी कडक होता. डॉक्टर म्हणाले, लवकर सुरू करा, टाळू नका. रक्त कमी झालं होतं म्हणून लोहाच्या गोळ्याही लिहून दिल्या. भाऊ म्हणाला, "जरा अंगात ताकद येऊ दे, मग घेतो." लोहाच्या गोळ्या तेवढ्या सुरू केल्या. आणि तो तिसरा कोर्स कपाटावरच्या डब्यात जाऊन बसला.

आता पोरीबद्दल सांगायला हवं, म्हणजे माझ्या भाचीबद्दल. एकुलती एक. लहानपणी बाप तिला शाळेत सोडायला जायचा तेव्हा फाटकापाशी हात खिशात घालायचा. तिने कधी सांगितलं नव्हतं, त्याने आपणहून. पण तिने "काढा हात बाहेर" असंही कधी म्हटलं नाही, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं. पुढे ती खूप शिकली, हॉस्पिटलाला लागून असलेल्या प्रयोगशाळेत कामाला लागली. पांढरा डगला, हातात रबरी मोजे. घरी आली की स्वयंपाकघरात आईशी बोलायची. अंगणात जायची नाही, धुराने डोळे चुरचुरतात म्हणायची.

तर त्या प्रयोगशाळेत हाच पोटाचा जंतू वाढवायचे. जे जंतू औषधाला दाद देत नाहीत ते मुद्दाम. बापाच्या पोटातला कणभर तुकडाही तिकडे गेला, आणि पोरीने तो स्वतःकडे मागून घेतला. तिच्या मॅडम झाडापाल्यातली द्रव्यं तपासत होत्या. चहाची पानं, द्राक्षाच्या बिया, असलं काय काय. त्यात जो तुरटपणा असतो, जिभेला ओढ बसते तो, त्याने जंतू मरतात का ते बघत होत्या. पोरगी त्याला पॉलिफिनॉल म्हणते. मी तुरटपणाच म्हणते, तिलाही चालतं.

एका संध्याकाळी ती आली ती थेट अंगणात. भाऊ काहिलीपाशी होता.

"बाबा, डाळिंबाची साल हवी होती. चांगली वाळलेली."

भावाने दांडा खाली ठेवला. "कोणाला?"

"मला. प्रयोगाला. बाजारातली आणली होती, तिला बुरशी लागलेली निघाली."

"बाजारातली," तो म्हणाला, जणू तिने त्याला शिवी दिली होती. मग पोत्यात हात घालून एकेक साल उजेडाला धरून निवडत बसला. हे घे, हे नको, ही उन्हात करपली, ही बघ कशी मोडते कडकन. ती उकिडवी त्याच्या शेजारी बसली. डोळे चुरचुरत असतीलच, पण बसली. मी आणि भावजय दारातून बघत होतो. भावजय मला हळूच म्हणाली, "वन्सं, ही लहानपणी एकदा तरी अशी बसली होती का हो?"

पुढे पोरीने त्याला प्रयोगशाळेत नेलं, बशी दाखवायला. मीही गेले. कधी नाही ते भावाने नवा सदरा घातला होता आणि हात खिशात. काचेची चपटी बशी, तिच्यात रक्त घातलेली लालभडक जेली, तिच्यावर दवासारखा बारीक थर. तो थर म्हणजे भावाचा जंतू. हवा लागली की हा मरतो म्हणे. पोटात काही केल्या मरत नाही आणि मोकळ्या हवेत जीव सोडतो, असला नखरेल. म्हणून डब्यात बंद करून, उबेत ठेवून, बाळंतिणीसारखं त्याचं करायचं. त्या थरावर तीन कागदी टिकल्या ठेवलेल्या. पहिल्या दोन टिकल्या भावाने घेतलेल्या औषधांच्या. त्यांच्या अगदी कडेपर्यंत जंतू चढला होता. तिसरी टिकली सालीच्या पाण्याची. तिच्याभोवती स्वच्छ गोल कडं. तिथे काहीच नाही.

भाऊ वाकून खूप वेळ बघत राहिला. मग खिशातून हात काढला आणि त्या कड्यावरून, काचेला न लावता, बोट फिरवलं. "इथे चढलाच नाही," म्हणाला.

"हो," पोरगी म्हणाली. "पण बाबा, ही बशी आहे. पोट नाही. पोटात आम्ल असतं, जंतू त्या चिकट थराच्या खाली लपलेला असतो, आणि प्यायलेलं घटकाभरात पुढे वाहून जातं. बशीत मरतो म्हणून पोटात मरेल असं नसतं. बरीचशी अशी द्रव्यं तिथेच आपटतात."

"हं," भाऊ म्हणाला. त्याने बशीपर्यंतचं ऐकलं होतं. पुढचं मी ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून तो सालीचं पाणी प्यायला लागला. पोरीने विरोध केला, रागावली, मॅडमना विचारून आली. मॅडम म्हणाल्या, त्याने बरं होईल असं मी म्हणणार नाही, आणि औषधाच्या जागी तर मुळीच नको. पोरीने बापाला तसंच सांगितलं. बाप म्हणाला, "औषधाच्या जागी कुठे, औषध आहेच की डब्यात." पितळी तांब्या भरून शेजारी ठेवायचा आणि दिवसभर घोट घोट. मी एकदा चाखलं. तोंड असं आवळलं की तासभर बोलता येईना. भावजय म्हणाली, "वन्सं, रोज देऊ का तुम्हाला?"

आणि त्याचं जळायचं कमी झालं. खरंच झालं. सोड्याची पूड खिशातून गेली. पोरगी रोज कामावरून परस्पर अंगणात यायला लागली. "बाबा, आज कसं आहे?" "आज निवांत." मग दोघं साली निवडत बसायची. ती त्याला विचारायची, कोवळ्या फळाची साल जास्त तुरट का, लोखंडी काहिलीत उकळली तर फरक पडतो का, आणि तो सांगायचा. प्रयोगशाळेतल्या मुली तिला विचारायच्या, साल कुठून आणतेस, तेव्हा ती म्हणायची, माझे बाबा रंगारी आहेत. हे तिनेच येऊन सांगितलं. त्या दिवशी भावाने एका बँडवाल्याचा डगला हिरवा करायचा तो निळा केला.

मग ते काळं सुरू झालं. असल्या गोष्टी लिहू नयेत, पण त्याशिवाय हे सांगताच येत नाही. त्याला शौचाला काळी व्हायला लागली. लपवायचा स्वभाव नव्हता, सकाळी चहाच्या वेळी त्याने जाहीर केलं. भावजयीने कपबशी आपटली. "घाबरू नका," तो म्हणाला, "थांबा, दाखवतो."

एक पांढरा कप आणला. त्यात सालीचं पाणी ओतलं. लोहाची गोळी बत्त्याने कुटून तिची पूड त्यात टाकली आणि चमच्याने ढवळली. आमच्या डोळ्यांदेखत ते पाणी काळं झालं. शाईसारखं.

"साल आणि लोखंड," तो म्हणाला. "काय होणार दुसरं? जन्मभर काहिलीत केलं, आता पोटात करतोय. माझ्याच पोटात कारखाना."

आम्ही हसलो. भावजयसुद्धा हसली, बऱ्याच दिवसांनी. संध्याकाळी पोरगी आली तेव्हा त्याने पुन्हा तो खेळ करून दाखवला. तीही म्हणाली, "बरोबर आहे. साल लोहाला धरून बसते. म्हणजे बाबा, गोळीही वाया आणि सालही वाया. दोन्हींत अंतर ठेवा." तो ठेवतो म्हणाला. पण दिवसभर घोट घोट पिणारा माणूस अंतर कुठे ठेवणार?

हॉस्पिटलात वजन करायला गेला तेव्हा तिथल्या सिस्टरने विचारलंच, काळी होते का म्हणून. हा म्हणाला, होते, आणि का होते तेही सांगितलं, हिराकशीपासून. सिस्टरला तो धडा फार आवडला. लोहाच्या गोळ्यांनी होतंच तसं, असं तीही म्हणाली. खरंही होतं ते. सगळेच खरं बोलत होते.

दिवस गेले. त्याचं पोट दुखत नव्हतं, पण ओला कोट काहिलीतून वर उचलताना तो थांबायला लागला. उलट्या बादलीवर बसायचा, दोन श्वास घ्यायचा, उठायचा. ओठ पांढुरके. रसवाला म्हणाला, "काय मोर, रंग उडाला तुमचा?" भाऊ म्हणाला, "मला कोण हंड्यात घालणार?" पोरगी म्हणाली, पुढच्या आठवड्यात रक्त पुन्हा तपासू. भावजय म्हणाली, ते कोर्सचं औषध आता काढा बाहेर. तो म्हणाला, एवढे कोट उरकू द्या.

कोट उरकले नाहीत. एका सकाळी भावजयीला अंगणात काहीतरी पडल्याचा आवाज आला. दोरी तुटली असेल म्हणून ती बघायला गेली, तर ओल्या कोटांच्या खाली तो आडवा. एक कोट हातात धरलेला.

आतली जखम कधीपासूनची वाहत होती. हळूहळू, रोज थोडी थोडी. ते काळं, ते रक्त होतं. पोटातून खाली येता येता रक्तही काळं होतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. म्हणजे भावजयीला आणि मला. पोरगी तर असल्याच कामातली, तिला माहीत होतं. पण तिच्यासमोर बापाने पांढऱ्या कपात काळा करून दाखवला होता, आणि तो इतका सुंदर काळा होता.

रक्त चढवलं. नळीतून जखम बांधायला बघितली, जमली नाही. ऑपरेशन ठरलं. त्याच्या आदल्या दुपारी मी त्याच्यापाशी बसले होते. चादरीवर त्याचे हात ठेवलेले, आणि पहिल्यांदाच ते मला हातांसारखे दिसले. रंग बराचसा उतरला होता, नखांच्या मुळाशी तेवढं काळं.

"अक्का," तो म्हणाला, "वकिलाचा तो कोट आठवतो? कॉलरला तांबूस मारणारा?"

"आठवतो. डोकं फिरलं होतं तुझं त्या दिवशी."

"तसाच होता."

"काय तसाच होता?"

"संडासात पाणी टाकायचो ना मी, तेव्हा कडेने तांबूस सुटायचं." तो छताकडे बघत होता. "सालीचा काळा तसा सुटत नाही."

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी म्हटलं, "कधी बघितलंस?"

"पहिल्यापासून."

"मग बोलला का नाहीस, शहाण्या?"

"म्हटलं, टाकीचा पत्रा गंजलाय." बाजूच्या खाटेवरचा माणूस रेडिओ लावायचा प्रयत्न करत होता, नुसती खरखर. मग म्हणाला, "पोरगी रोज येऊन बसायची. बोललो असतो तर ते पाणी बंद झालं असतं."

"तिला पाणी नको होतं रे, तू हवा होतास."

"ते आता म्हणतेस," तो म्हणाला, आणि जरासा हसला. "तिला सांगू नकोस."

त्याचे पाय उघडे पडले होते, पांघरूण ओढलं. ज्याला कोटाच्या कॉलरीवरची तांबूस झाक दारातून दिसायची, त्याला ती दिसली नव्हती असं मला आजही म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

ऑपरेशननंतर तो शुद्धीवर आला, भावजयीशी दोन शब्द बोलला, कोट कोणाकोणाचे ते सांगितलं. मग ताप चढला, तो उतरलाच नाही. त्या तापाचा जंतू वेगळा होता, आणि तोही औषधाला दाद देत नव्हता. हॉस्पिटलातला होता म्हणे. आठवडा काढला त्याने.

मी पोरीला सांगितलं नाही. सांगायची वेळ आली नाही. बाप हॉस्पिटलात असतानाच ती एकदा घरी कपडे न्यायला आली होती. भावजय तिथेच बसून होती, घरी मी. पोरगी संडासात गेली आणि पाण्याचा आवाज आला, बादलीमागून बादली. बराच वेळ बाहेर येईना म्हणून मी दार ढकललं. ती भांड्याच्या कडेपाशी बसून पाणी ओतत होती आणि पाणी जाताना बघत होती. कडेला वाळून राहिलेल्या काळ्यातून पांढऱ्या फरशीवर तांबूस ओघळ. शेवटी ती रंगाऱ्याचीच मुलगी. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. "टाकीचा पत्रा ठीक आहे ना गं आत्या?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "ठीक आहे." ती उठली, हात धुतले, कपड्यांची पिशवी घेतली आणि गेली.

अंगण आता बंद आहे. वकिलांनी आपापले कोट नेले, बरेचसे अर्धवट पिवळे. एक कोणीच नेला नाही. काहिलीला गंज चढला. रसवाला अधूनमधून विचारतो, साल काय करू, आणि मी म्हणते, फेकून दे.

पोरगी त्याच कामावर आहे. सालीचा प्रयोग पुढे उंदरांवर केला. उंदरांच्या पोटात सालीने काहीच केलं नाही, जंतू होते तिथेच राहिले. मॅडम आता दुसरं काहीतरी बघतात. पण बापाच्या जंतूची कुपी त्यांच्या त्या भयंकर थंड कपाटात आहे. पोरगी ती मधून मधून काढते, बशीत वाढवते, उबेत ठेवते, हवा लागू देत नाही. आणि सालीच्या पाण्याची टिकली ठेवते. कडं येतं. दर वेळी तितकंच स्वच्छ.

"मग कशाला करतेस?" मी विचारलं. "बशीत मरतो हे कळलं ना एकदा?"

"मरावा म्हणून नाही करत, आत्या," ती म्हणाली. "जगतोय ना, ते बघते."

गेल्या वर्षी माझं पोट जळायला लागलं. मी सोड्याची पूड चाटताना तिने पाहिलं आणि मला धरून नेलं. तीच नळी, तोच तुकडा. जंतू निघाला. घरातल्या घरात, लहानपणीच लागतो तो. आम्ही दोघं एका ताटात जेवलेलो, त्याचं उष्टं मी आणि माझं उष्टं त्याने खाल्लेलं. पोरीने माझा जंतू त्याच्या शेजारी वाढवून पाहिला. म्हणाली, दोन्ही अगदी सारखे आहेत. म्हटलं, असणारच, भावंडं ती.

माझाही दाद देत नाही. दोन कोर्स झाले. भात पत्र्यासारखा लागतो. तिसरा डब्यात ठेवलेला नाही, आजपासून सुरू केलाय, डॉक्टर म्हणाले लागू पडेलच असं नाही. रोज सकाळी संडासात बादली भरून नेते, पाणी ओतते, आणि चष्मा लावून कडेचा ओघळ बघते. आज तांबूस नव्हता. माझी नजर त्याच्यासारखी नाही, पण आज तरी नव्हता.